कुलपाबाहेरचा ओटा

सुमेधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गुरुग्रामला, मुलाच्या सोसायटीच्या गेटवर उभी होते. गार्डला फ्लॅटचा नंबर पटत नव्हता, मुलगा फोन उचलत नव्हता आणि मागे कॅबवाला सारखा हॉर्न वाजवत होता. तेवढ्यात स्क्रीनवर अविनाशचं नाव आलं. अविनाश म्हणजे सुमेधाचा नवरा. तो एरवी मेसेज पाठवतो, फोन करत नाही, त्यामुळे उचलायच्या आधीच मला कळलं असावं. "रूथ, सुमेधा गेली. आत्ताच. मी चहा घेऊन खोलीत गेलो तर..." एवढंच तो बोलला. मी गार्डला म्हटलं, "भैया, रहने दो," आणि त्याच कॅबमध्ये बसून गाझियाबादला परत निघाले. सगळा रस्ता मला रडू आलं नाही, राग येत राहिला. तो अजून गेलेला नाही, आणि हा लेख लिहायला बसले त्याचं कारणही बहुतेक तोच आहे.

नंतरच्या दिवसांत भेटायला आलेल्या लोकांनी त्या रागात भरच घातली. "किती शांत होत्या हो," असं एकजण म्हणाल्या. दुसरे म्हणाले, "कधी आवाज चढवला नाही त्यांनी." मी ऐकून घेत होते, पण आतून मला ओरडावंसं वाटत होतं. सुमेधा आगटे शांत नव्हती. ती भांडकुदळ होती, हट्टी होती, आणि तिचा आवाज तर आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये लहानपणापासून प्रसिद्ध होता. दिल्लीत सरोजिनी नगरला आमची घरं एकाच जिन्यावर होती. तिचे वडील हिशेब तपासणीच्या खात्यात, माझे रेल्वेत. ते साताऱ्याचे, आम्ही नगरचे; त्यांच्याकडे गणपती, आमच्याकडे नाताळ. करंज्या मात्र दोन्ही घरी सारख्याच होत, कारण तिची आई आणि माझी आई त्या एकत्र बसूनच करत. पुढे मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरीला लागले आणि फायलींमध्ये आयुष्य काढलं. ती आर्किटेक्ट झाली आणि माणसांशी भांडण्यात काढलं.

ती शिकत होती तेव्हा रविवारी मला बसने दिल्लीभर फिरवायची. कुठली नवी इमारत झाली की ती बघायला जायचं. पण समोरून नाही. ती सरळ मागच्या बाजूला जायची, जिथे एसीचं पाणी गळतं, कचऱ्याचे डबे असतात, शिपाई डबा खात बसलेले असतात. "पुढून काय, सगळ्याच चांगल्या दिसतात," असं म्हणायची. मला त्यातलं काही कळत नसे, मला छोले-भटुरे खायला जायचं असे. मोठी झाल्यावरही तिचं तेच चाललं. स्वतःचं लहानसं ऑफिस, हाताखाली तिघं-चौघं मुलं-मुली, गाझियाबादमधली एक लायब्ररी, एक दवाखाना, बाकी लोकांच्या बाल्कन्या बंद करून खोल्या वाढवण्याची कामं. तीही ती गपचूप करत नसे. "बाल्कनी बंद केलीत तर स्वयंपाकघरात वारा येणार नाही," असं सांगून हातातलं काम घालवलेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय. अविनाश हसायचा. मला मात्र तेव्हाही चीड यायची... एवढी हुशार बाई, आणि नाव काही होत नाही.

म्हणून पानिपतजवळच्या त्या कॉलेजचं काम तिला मिळालं तेव्हा तिच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला. एका ट्रस्टचं मुला-मुलींचं कॉलेज, हायवेला लागून मोठी जागा, जुनी इमारत पुरत नाही म्हणून नवी बांधायची. तिथल्या प्राचार्या मॅडमनी गाझियाबादची ती लायब्ररी पाहिली होती आणि त्यांनीच सुमेधाचं नाव सुचवलं. मी नुकतीच रिटायर झाले होते. सुमेधा गाडी चालवत नसे, आणि अविनाशची नोकरी अजून चालू होती, म्हणून पहिल्या मीटिंगला मीच तिला घेऊन गेले. पुढेही बहुतेक वेळा मीच जात राहिले. मला कोणी काही विचारत नसे. मी ऑफिसमधलीच कोणीतरी असेन असं ते धरून चालले होते.

त्या पहिल्या दिवशी ट्रस्टच्या चेअरमननी खिशातून फोन काढला आणि गुरुग्राममधल्या एका टॉवरचा फोटो दाखवला. सगळी निळी काच. "मॅडम, एलिव्हेशन में दम होना चाहिए. हायवे से गुजरनेवाला गाडी धीमी कर दे." एलिव्हेशन म्हणजे इमारतीचा दर्शनी भाग, एवढं मला तिच्या संगतीने कळत होतं. सुमेधाने फोटो नीट पाहिला आणि विचारलं, "और अंदर पढनेवाला?" ते मोठ्याने हसले. "वो तो पढ ही लेगा." माणूस वाईट नव्हता. चहाबरोबर त्यांनी घरचे लाडू आग्रहाने खायला घातले, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. पण परत येताना, सोनीपत गेल्यावर, सुमेधा म्हणाली, "रूथ, पानिपतच्या उन्हात काचेच्या पेटीत मुलांना बसवायचं म्हणतायत." मी म्हटलं, "मग समजावून सांग." ती म्हणाली, "सांगते ना. सांगायचेच तर पैसे घेते मी."

तिने आधी प्रश्न विचारले. लेक्चर कधी सुरू होतात, किती वर्ग एका वेळी भरतात, मुली कुठून येतात. प्राचार्या म्हणाल्या, कॉलेज नऊला सुरू होतं. सुमेधा म्हणाली, "वो ठीक है. पर लडकियां पहुंचती कब हैं?" त्यांनी पुन्हा नऊच सांगितलं. तेव्हा ते स्वतः बघायला एका थंडीत आम्ही अंधारातच गाझियाबादहून निघालो. धुकं असं होतं की मी पुढच्या ट्रकचे दिवे धरून गाडी चालवत होते आणि सुमेधाला शिव्या घालत होते. उजाडता उजाडता पोचलो तर कॉलेजचं फाटक बंद. आणि फाटकाबाहेर, हायवेच्या कडेला, शाली गुंडाळून मुली उभ्या. बऱ्याच होत्या. मागच्या गावांहून रोडवेजची एकच बस सकाळी येते, ती यांना इथे सोडते आणि पुढे जाते. फाटक उघडायला अजून खूप वेळ होता. अगदी अंगाजवळून ट्रक जात होते, काही ट्रक मुद्दाम हळू होत होते. दुपारीही तसंच, लेक्चर संपलं की फाटक बंद आणि बस येईपर्यंत पुन्हा रस्त्यावर.

सुमेधा त्यांच्यात जाऊन उभी राहिली. अंजू नावाची एक मुलगी होती, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, चुणचुणीत. थर्मासमधला चहा आम्ही पुढे केला तर ती नको म्हणाली. बाकीच्याही नको म्हणाल्या. मला वाटलं लाजतायत. अंजूच म्हणाली, "हम सुबह पानी भी ना पीते, आंटी. फेर दिक्कत ना होती." मला कळायला एक क्षण लागला. सकाळी घरून निघाल्यापासून फाटक उघडेपर्यंत जायला बाथरूम नाही, म्हणून त्या पाणीच पीत नव्हत्या. अंजूची धाकटी बहीण याच कॉलेजात होती. रस्त्यावर उभं राहावं लागतं हे कोणीतरी घरी जाऊन सांगितलं आणि बापाने तिचं नाव काढून घेतलं. अंजूने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, बस उशिरा येते हे सांगावं तसं. सुमेधा हातातला कप घेऊन तशीच उभी राहिली, चहा गार झाला तरी.

त्यानंतर तिने जे डिझाइन केलं ते सगळं त्या सकाळमधून आलं. वर्ग उत्तरेकडे तोंड करून, मध्ये सावलीचं अंगण, रुंद जिने, हे सगळं होतंच. पण मुख्य गोष्ट अशी की तिने फाटक मागे सरकवलं. इमारतीचा पुढचा भाग, रस्त्यापासून थोडा आत आणि कमरेइतका उंच, एक लांबलचक ओटा. वर छप्पर, मागे भिंत, भिंतीला धरून बसायला कट्टा, एका टोकाला पाण्याचा नळ आणि मुलींसाठी बाथरूम. आणि हे सगळं कुलपाच्या बाहेर. कॉलेज बंद असलं तरी उघडं. ऑफिसमधल्या मुलांना ती "ओटा, ओटा" म्हणून सांगत होती, तर दिल्लीत वाढलेली तिची मराठी असिस्टंट गोंधळून म्हणाली, "मॅडम, पण किचन तर प्लॅनमध्ये कँटीनकडे आहे ना?" तिला ओटा म्हणजे फक्त गॅसचा ओटा माहीत. सुमेधा त्यावर खूप हसली, आणि मग तिला समोर बसवून साताऱ्याच्या घराचा ओटा कागदावर काढून दाखवला. तिला असं हसताना मी नंतर फार पाहिलं नाही.

कारण पुढे सुरू झाल्या मीटिंगा. समोर सगळे "बहुत बढिया मॅडम" म्हणायचे आणि पुढच्या वेळी गेलं की प्लॅनमधून काहीतरी गळलेलं असायचं. आधी अंगण लहान झालं. मग जिना अरुंद झाला. मग ओट्यावर आले. कमिटीतले एकजण म्हणाले, "बाहर के लोग आके बैठेंगे. ताश खेलेंगे." दुसरे म्हणाले, "और लडकियां सडक से दिखेंगी. अच्छा नहीं लगता." सुमेधा म्हणाली, "अभी कहां दिखती हैं? अभी तो सडक पर ही हैं." चेअरमनना त्या जागी गाड्यांसाठी पोर्च हवा होता, पाहुणे उतरतील असा, आणि समोर संस्थापकांची मोठी तसबीर. प्राचार्या मॅडम खाली बघत पेनाचं टोपण उघडझाप करत होत्या. ज्यांनी आम्हाला बोलावलं त्याच बाई मीटिंगमध्ये एक शब्द बोलत नसत, याची मला फार चीड यायची. सुमेधाने त्या दिवशी आवाज चढवला. चेअरमनना तोंडावर म्हणाली, "आपकी बेटी खडी होती तो?" ते लालबुंद झाले. मीटिंग तिथेच संपली.

घरी अविनाश म्हणाला, "सोड गं हे काम. तब्येत बघ स्वतःची." तोपर्यंत तिला दम लागायला लागला होता. जिना चढून आली की पहिल्या मजल्यावर थांबायची आणि भिंतीचं प्लास्टर बघत असल्याचं नाटक करायची. तपासण्या झाल्या आणि कळलं की फुप्फुसं हळूहळू कडक होत चाललीयत. आयुष्यभर साइटवरची धूळ, त्यावर दिल्लीची हवा. डॉक्टरांनी साइट बंद सांगितली. ती म्हणाली, "हो," आणि दुसऱ्याच आठवड्यात पानिपतला गेली.

आणि तिथे तिने जे केलं ते मला तेव्हा अजिबात समजलं नाही. मी बाहेर गाडीत होते. ती चेअरमनच्या खोलीतून आली, गाडीत बसली, मास्क खाली केला आणि म्हणाली, "काच दिली. ओटा घेतला." म्हणजे काय, तर पुढचा सगळा वरचा भाग त्यांना हवा तसा निळ्या काचेचा करून द्यायचा, आणि त्याच्या बदल्यात खालचा ओटा, नळ, बाथरूम तसंच राहणार, कुलपाबाहेर. मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. आयुष्यभर जिने काचेच्या इमारतींची टिंगल केली, त्यावर लोकांशी वैर घेतलं, ती आता स्वतःच्या नावाने काचेची इमारत बांधणार होती. मी तिला म्हटलं, "लोक हसतील तुला." ती म्हणाली, "हसू देत ना." आणि हसलेच. एका कार्यक्रमात तिच्याच बरोबरीच्या एका आर्किटेक्टने त्या इमारतीचं चित्र पाहून सगळ्यांसमोर म्हटलं, "यार सुमेधा, तू भी?" ती म्हणाली, "हां, मैं भी." सफाई दिली नाही, ओट्याचं नाव काढलं नाही. मला त्या माणसाला धरून पानिपतच्या फाटकासमोर उभं करावंसं वाटलं होतं.

नंतर प्लॅन बघताना तिने मला एक गोष्ट दाखवली आणि डोळे मिचकावले. काचेमागे एकही वर्ग नव्हता. वर्ग सगळे मागे, उत्तरेला, जाड भिंतींच्या सावलीत. दक्षिणेच्या निळ्या काचेमागे होती बोर्डरूम आणि चेअरमनची खोली. "त्यांनाच हवी होती ना," ती म्हणाली.

बांधकाम वर येत गेलं तशी ती खाली येत गेली. ऑक्सिजनचं मशीन घरात आलं, मग बाहेर न्यायचं छोटं मशीन आलं. साइटचे फोटो फोनवर मागवून ती त्यावर बोटाने रेघा मारून परत पाठवायची. गेल्या नोव्हेंबरात, हवा सर्वांत वाईट होती त्या दिवसांत, असाच एक फोटो आला आणि तिला दिसलं की ओट्याच्या टोकाच्या बाथरूमला ओट्याकडून दारच नाही. दार आतल्या बाजूला, फाटकाच्या आत काढलंय. ट्रस्टच्या इंजिनीअरने परस्पर बदललं होतं. तिने फोन केले. उत्तरं मिळाली ती "देख लेंगे मॅडम" अशी. मग ती कोणाला न सांगता कॅब करून निघून गेली. अविनाश ऑफिसातून आला तर घर रिकामं. त्याने मला फोन केला, आणि मी ती वाट रागाने कशी कापली ते मलाच माहीत.

पोचले तर बाईसाहेब ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, त्या बिनदाराच्या भिंतीसमोर. तोंडावर मास्क, नाकात नळी, मांडीवर मशीन. दोन गवंडी हातोडे घेऊन उभे आणि इंजिनीअर फोनवर कोणाला तरी "सर, मॅडम बैठी हैं, उठ नहीं रहीं," असं सांगतोय. सुमेधा हळू आवाजात, मध्ये मध्ये श्वास घेत, एकच वाक्य म्हणत होती: "दरवाजा इधर खुलेगा. मैं देखके जाऊंगी." माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. शेवटी फोनवर परवानगी आली असावी, किंवा इंजिनीअरलाच तिची भीती वाटली असावी... आजारी बाई, तिला आपल्या साइटवर काही झालं तर काय. भिंत फोडली गेली. धूळ उडायला लागली तशी मी तिची खुर्ची ओढून लांब नेली. ती तिथूनही मान वळवून बघत राहिली. चौकटीची जागा नीट दिसेपर्यंत उठली नाही.

परतीच्या वाटेवर मी खूप बोलले. तिला, तिच्या हट्टाला, त्या ट्रस्टला, आर्किटेक्चर या विषयालाच. तिने डोळे मिटून घेतले होते. थोड्या वेळाने म्हणाली, "ओरडू नकोस गं. ऐकताना दम लागतो." मी गप्प झाले. मग राहवेना म्हणून विचारलं, "एका दारासाठी जीव देणार आहेस का तू?" मुरथलच्या ढाब्यांचे दिवे लागले होते. "आतून दार असतं तर त्या मुलींनी पाणी प्यायलं नसतं," ती म्हणाली. "मग ओटा कशाला बांधला मी?"

त्यानंतर ती घराबाहेर फारशी पडलीच नाही. हॉस्पिटल, पुन्हा घर, पुन्हा हॉस्पिटल. मी रोज जायची. कॉलेजबद्दल ती विचारायची, मी मुद्दाम विषय बदलायची. डॉक्टर म्हणाले, त्या एका दिवसाने काही फरक पडला असं म्हणता येणार नाही, आजार पुढे गेलेलाच होता. ते खरं असेल. माझा त्यावर विश्वास बसत नाही. डिसेंबरात एका सकाळी अविनाश चहा घेऊन खोलीत गेला, ते मी वर लिहिलंच आहे.

जानेवारीत नव्या इमारतीत वर्ग सुरू झाले आणि ट्रस्टने तिथे शोकसभा ठेवली. अविनाश आणि मी गेलो. हायवेवरून ती निळी काच दिसली, आणि खरंच पुढची एक गाडी हळू झाली. सभेला अवकाश होता म्हणून आम्ही आधी ओट्यावर गेलो. ओटा होता. कट्टा होता. नळाला पाणी होतं. आणि बाथरूमच्या दाराला, तिने भिंत फोडून घेतलेल्या दाराला, कुलूप होतं. पितळी, चांगलं मोठं. अविनाशने ते हातात घेऊन पाहिलं आणि सोडून दिलं. त्याला त्या क्षणी पाहणं मला स्मशानातल्यापेक्षा जड गेलं.

सभेत चेअरमन खूप छान बोलले. "मॅडमने हमें पानिपत में गुरुग्राम दे दिया," असं म्हणाले, आणि टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या... काचेची स्तुती झाली, पोर्च नसला तरी "ओपन एंट्रन्स"ची झाली. मग त्यांनी मला, जुनी मैत्रीण म्हणून, दोन शब्द बोलायला बोलावलं. मी घरून काहीबाही लिहून नेलं होतं. ते काढलंच नाही. माइकसमोर उभी राहून म्हटलं, "बाहर के बाथरूम की चाबी किसके पास है?" चेअरमन बसल्या जागेवरून समजुतीच्या सुरात म्हणाले, "हो जाएगा जी, हो जाएगा. उद्घाटन के बाद. मंत्रीजी की डेट मिलनी है, तब तक साफ रहना चाहिए ना." मी म्हटलं, "लडकियां डेट लेके नहीं आतीं." पुढे काय बोलले आठवत नाही. खाली उतरले तेव्हा मागच्या रांगेतून अंजू माझ्याकडे बघत होती. ती आता एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे.

त्यानंतर मी फोन करत राहिले. सरकारी नोकरीत एवढं तरी शिकले आहे की कंटाळायचं समोरच्याने, आपण नाही. क्लार्क म्हणायचा साहेबांना विचारा, साहेब म्हणायचे इंजिनीअरकडे किल्ली आहे, इंजिनीअर म्हणायचा कॉन्ट्रॅक्टरने दिलीच नाही. काही आठवडे हे चाललं. एका बाईने शेवटचे श्वास खर्चून मिळवलेलं दार, आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे हे कोणाला सांगता येत नव्हतं. मग एक दिवस प्राचार्या मॅडमचाच फोन आला. म्हणाल्या, "मैंने ताला तुडवा दिया. किसी से पूछा नहीं." पुढे म्हणाल्या, "मीटिंगों में आपकी सहेली मेरी तरफ देखती थीं. मैं नीचे देखती थी." मी थँक यू म्हटलं. याहून गोड काही बोलणं त्या दिवशी मला जमलं नाही.

तरी मी स्वतः पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नव्हते. फेब्रुवारीतल्या एका धुक्याच्या सकाळी एकटीच गेले. फाटक बंद होतं. दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी बसवून तयार, वर कापड टाकलेलं, मंत्र्यांची वाट बघत. वारा आला की कापड उडत होतं, आणि पाटीवर ट्रस्टच्या सगळ्यांची नावं दिसत होती. सुमेधाचं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा वाचलं, नव्हतं. आणि ओट्यावर मुली बसल्या होत्या. कट्टा भरला होता. कोणी वही उघडून, कोणी एकमेकींच्या वेण्या घालत, कोणी मोबाइलमध्ये. एकजण नळावर बाटली भरत होती. टोकाचं दार उघडझाप होत होतं, आणि कोणी त्याच्याकडे लक्षही देत नव्हतं. मला बघून एक मुलगी सरकली आणि म्हणाली, "बैठ जाओ आंटी. किसी से मिलना है?" मी म्हटलं, "नहीं, बस ऐसे ही."

मी बुटकी आहे. सरकारी ऑफिसांतली बाकं, हॉस्पिटलमधल्या खुर्च्या, मेट्रो स्टेशनवरचे कट्टे, कुठेही बसले की माझे पाय अधांतरी लोंबकळतात, आणि कंबर धरते. सुमेधा चांगली उंच होती, तिला हे कधी सोसावं लागलं नाही. त्या कट्ट्यावर मी बसले आणि माझी पावलं पूर्ण जमिनीला टेकली. मी बाजूला पाहिलं. सगळ्या मुलींची टेकलेली होती, खेड्यातल्या त्या लहानखुऱ्या मुलींची. मागच्या भिंतीला थोडा कल दिला होता, पाठ आपोआप टेकत होती. हे तिने कधी ठरवलं, कोणाला बसवून पाहिलं, मला माहीत नाही. एवढे दिवस बरोबर फिरून मला तिने हे सांगितलं नव्हतं. तिला फोन करून विचारावं म्हणून मी पर्समध्ये हातही घातला... आणि मग पुन्हा तोच राग आला, आणि त्याच्याबरोबर, इतक्या दिवसांनी, रडू आलं. शेजारच्या मुलीने काही न विचारता आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे केली. मी प्याले.